आळशी कोणाला म्हणता?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात रविवारी संध्याकाळी केलेलं भाषण. जसं बोललो तसंच ठेवलंय. मधले प्रश्न आणि लाऊडस्पीकरवाल्याशी झालेली हुज्जत तेवढी गाळली आहे.)



फळ्यावर विषय लिहिला तेव्हा मागची पोरं हसली. शिकारी माणसं, काम आणि विश्रांती. एकजण म्हणाला, 'दादा, आम्हाला परत जंगलात धाडता काय?' नाही धाडत. गावाबाहेरून शहरात यायला ज्यांना तीन पिढ्या लागल्या त्यांना जंगलात धाडायचा हक्क मला नाही आणि कोणाच्या बापाला नाही. हसून झालं असेल तर ऐका. मला आज 'आळशी' या एका शब्दाचा हिशेब करायचा आहे. हिशेब जुना आहे.

माझा बाप सफाईच्या कामावर होता. पहाटे साडेपाचला हजेरी. पाच मिनिटं उशीर झाला की मुकादम खाडा मांडायचा. दुपारी घरी यायचा, अंगावर दोन बादल्या पाणी घ्यायचा, जेवायचा आणि संध्याकाळी एका गोदामात हमालीला जायचा. रविवारी झोपायचा. खोली दहा बाय दहाची, माणसं सहा, म्हणून तो दाराशी आडवा व्हायचा आणि पाय बाहेर गल्लीत. एका रविवारी आमच्या शाळेतले एक मास्तर काही कामानं त्या गल्लीतून गेले. सोमवारी मला वर्गात उभं केलं. म्हणाले, 'काल तुझा बाप भर दुपारी घोरत पडला होता. काम नको असतं तुम्हा लोकांना, म्हणून तुम्ही असे राहिलात.' सगळा वर्ग हसला. मीपण हसलो.

ते माझं हसणं मला अजून सोडत नाही. मास्तरचं सोडून द्या. असे मास्तर पुष्कळ झाले. ज्यांनी आयुष्यात इकडची काडी तिकडे केली नाही त्यांनी आमच्या बापाला आळशी म्हणावं, यात नवल काय? पण मी का हसलो? तर मला ते खरं वाटलं होतं. पुढे कित्येक वर्षं खरं वाटत होतं. मी स्वतः दुपारी आडवा झालो तर चोरी केल्यासारखं वाटायचं. तुमच्यातल्या किती जणांना वाटतं तसं? हात वर करू नका, मला माहीत आहे.

तर आता आफ्रिकेत चला.

आफ्रिकेच्या दक्षिणेला कलहारी नावाचा रखरखीत मुलूख आहे. त्याच्या उत्तरेला, बोटस्वाना आणि नामिबिया या दोन देशांच्या सरहद्दीवर, डोबे म्हणून एक पाणवठा आहे. तिथली माणसं स्वतःला जुहोआन्सी म्हणतात. अर्थ, खरी माणसं. (त्यांच्या बोलीत जीभ टाळूला लावून चट्कन सोडतात तसे आवाज आहेत. ते देवनागरीत मावत नाहीत, तेव्हा उच्चाराची चूकभूल द्यावी घ्यावी.) गोऱ्यांनी त्यांना बुशमन म्हटलं, म्हणजे झुडपातला माणूस. सान हे नावसुद्धा शेजारच्या गुरं पाळणाऱ्यांनी दिलेलं. ज्याच्यापाशी गुरं नाहीत, जो वेचून खातो, तो सान. बोटस्वानात त्यांनाच बसार्वा म्हणतात. नाव दुसऱ्यानं ठेवायचं आणि मग तेच शिवीसारखं वापरायचं! ही रीत आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

या माणसांबद्दल पुस्तकात काय छापलं जायचं? की बिचारी दिवसभर भक्ष्याच्या मागे धावतात, पोट भरत नाही, फुरसत मिळत नाही, म्हणून त्यांच्याकडे संस्कृती नाही. शेती आली, मग माणसाला उसंत मिळाली, मग वेद, पुराणं, देवळं आणि राजवाडे. शाळेत आपल्यालाही असंच शिकवलं.

१९६३ साली रिचर्ड ली नावाचा एक तरुण मानववंशशास्त्रज्ञ डोबेला गेला. त्यानं फार साधी गोष्ट केली. वही घेऊन बसला. १९६४ च्या ६ जुलैपासून २ ऑगस्टपर्यंत, २८ दिवस, रोज कोण अन्नाला बाहेर पडलं, कोण तळावर राहिलं, काय आणलं, किती आणलं, ते लिहिलं. वजन केलं. हिशेब लागला तो असा. मोठं माणूस आठवड्यातले सरासरी अडीच दिवस अन्नासाठी राबतं. तासांत धरलं तर आठवड्याला १२ ते १९ तास. खाण्यात माणशी दिवसाला २,१४० उष्मांक पडत होते आणि त्यांच्या बांध्याला लागत होते १,९७५. म्हणजे शिलकीचा संसार! बाई एक दिवस बाहेर जाऊन जे वेचून आणते ते घराला तीन दिवस पुरतं. उरलेल्या दिवसांत काय? पाहुणे येतात, हे पाहुणे म्हणून जातात, रात्र रात्र नाच चालतो, दुपारी सावलीत पडून बाता मारतात.

आणि पोरं? पोरींची लग्नं पंधरा ते वीस वर्षांच्या दरम्यान होतात, मुलांची त्यानंतर आणखी पाचेक वर्षांनी. तोवर अन्न आणायची जबाबदारी त्यांच्यावर नाही. म्हाताऱ्यांवरही नाही. लीनं ४६६ माणसांची मोजणी केली, त्यात ४६ जण साठीच्या वरचे निघाले. दहातला एक! त्या म्हाताऱ्यांना तळावर मान होता, पोटाला आयतं मिळत होतं. माझ्या चुलत्याला साठाव्या वर्षी वॉचमनची नोकरी शोधावी लागली, हे मी सहज सांगून ठेवतो.

कोणी म्हणेल, त्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं असेल. उलट. तो दुष्काळ होता, एका वर्षाचा नव्हे, ओळीनं आलेला. बोटस्वानात शेतकऱ्यांची पिकं गेली, गुरं हजारांनी मेली, बाहेरच्या देशांतून धान्य आणून लोकांना जगवावं लागलं. डोबेच्या आसपास हेरेरो नावाचे गुरं पाळणारे लोक राहत. जुहोआन्सींना ते खालचं समजत. त्या वर्षी हेरेरोंच्या बायका टोपल्या घेऊन जुहोआन्सी बायकांच्या मागून रानात गेल्या आणि त्यांनी दाखवलेली कंदमुळं, फळं आणून आपली लेकरं जगवली. गुरंवाल्याची गुरं मेली, की तो कोणाच्या मागून चालतो ते बघा. हा प्रसंग मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त आवडतो. लेकाचे एरवी पाण्याला शिवू देत नसतील, असं माझ्या मनात आलं. पण ते माझ्या मनात आलं, लीनं तसं लिहिलेलं नाही, आणि मी खोटं सांगणार नाही.

त्यांचं मुख्य खाणं म्हणजे मोंगोंगो नावाच्या झाडाच्या बिया. टरफल दगडासारखं. झाडाखाली पडून महिनोन्‌महिने राहिल्या तरी कुजत नाहीत. एक माणूस दिवसाला सरासरी ३०० बिया खात होता, त्यातून त्याला १,२६० उष्मांक आणि ५६ ग्रॅम प्रथिनं मिळत. शेती का करत नाही, असं लीनं विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच चमत्कारिक वाटला. इतकी झाडं उभी असताना जमीन कशाला उकरायची?

१९६६ साली अमेरिकेत शिकागोला या विषयावर परिषद भरली. तिथे मार्शल सालिन्स नावाच्या विद्वानानं मांडणी केली, की जगातला पहिला सुखवस्तू समाज हाच. सुखवस्तू व्हायच्या दोन वाटा. एक, पुष्कळ पिकवा. दुसरी, गरजाच बेताच्या ठेवा. १९७२ साली हा निबंध पुस्तकात आला आणि जगभर गाजला. युरोप-अमेरिकेतली लांब केसांची पोरं खूश झाली. पोट भरलेल्या पोरांना गरजा कमी करा हे फार गोड लागतं.

इथे टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. आपल्याला गोड गोष्टी ऐकून फसायची सवय नको.

पहिली गोष्ट. त्या १९ तासांत काय धरलं होतं? फक्त अन्न मिळवणं. बिया फोडणं? सरपण? पाणी? रांधणं, हत्यारं नीट करणं? ते वहीत नव्हतं. पुढे लीनं स्वतःच ते धरून नवा हिशेब दिला. पुरुषाचे आठवड्याला साडेचव्वेचाळीस तास, बाईचे चाळीस. म्हणजे बेचाळीसच्या आसपास. मग टीकाकार म्हणाले, बघा, फुगा फुटला! मी म्हणतो, थांबा जरा. त्यांचे बेचाळीस मोजताना तुम्ही चूल धरली, पाणी धरलं, झाडलोट धरली. मग आमचेही त्याच मापानं मोजा ना. माझ्या आईनं तीन घरची धुणीभांडी केली, मग आमच्या घरची केली, आणि नळाला पाणी यायचं पहाटे चारला. मोजा तिचे तास. ऐंशीच्या खाली आले तर मला सांगा. आजही कोणत्या पगारपत्रकात चूल धरलेली असते?

दुसरी गोष्ट. बाईच्या त्या चाळीस तासांतसुद्धा पोर सांभाळणं नाही. लीनंच काढलं, की पोर चार वर्षांचं होईपर्यंत आई त्याला अंगावर घेऊन सगळी मिळून ७,८०० किलोमीटर चालते. तेव्हा तिथे बाईला स्वर्ग होता असं कोणी सांगू लागला तर त्याला हा आकडा द्या. आणि नॅन्सी हॉवेल या बाईनं तिथली जन्ममृत्यूची मोजणी केली, ती १९७९ साली छापली. शंभरातली वीसेक मुलं पहिलं वर्षही पुरं करत नव्हती. दवाखाना नाही, लस नाही. ही किंमत लपवून फुरसतीचे पोवाडे गायचे, हा धंदा आपण करायचा नाही.

मग उरलं काय? पुष्कळ उरलं. फिलिपिन्समध्ये आग्टा नावाचे लोक आहेत. त्यांच्यातले काही अजून शिकार-मासेमारी करतात, काही शेतीकडे वळलेत. एकाच जमातीत दोन्ही. २०१९ साली त्यांच्यावरचा अभ्यास छापून आला, दहा हजारांवर नोंदी घेऊन केलेला. शेतीकडे वळलेल्यांचं काम आठवड्याला दहा तासांनी वाढलं होतं, साधारण वीसाचे तीस. सगळ्यात मोठी चाट बायकांना. शेतीवाल्या तळावरच्या बाईला फुरसत उरली ती शिकारवाल्या तळावरच्या बाईच्या निम्मी. तेव्हा शेती आली आणि माणसाला उसंत मिळाली, हे जे शाळेत सांगितलं, त्यात 'कोणत्या माणसाला' एवढं विचारायचं राहून गेलं.

आता मला ज्या मुद्द्यासाठी तुम्हाला बसवून ठेवायचं होतं तो येतो. या लोकांत एक माणूस दुसऱ्याला राबवू शकत नाही. का शकत नाही?

जुहोआन्सींत मांस कोणाचं? ज्यानं बाण मारला त्याचं नव्हे. ज्याचा बाण त्याचं. आणि बाण तर हे लोक एकमेकांना सारखे देत-घेत असतात. म्हणजे नेमबाज एक, मालक दुसरा. तो दुसरा एखादा म्हातारा असेल, लंगडा असेल, बाईसुद्धा असेल. वाटप करायचा मान त्याचा. चांगला नेम आहे म्हणून कोणी सावकार होऊ शकत नाही.

आणि दुसरं, त्यांचा टोमणा. लीनं एकदा नाताळाला तळावरच्या सगळ्यांना जेवण द्यायचं ठरवलं. हेरेरोंकडून चांगला दांडगा, चरबीनं लदलेला काळा बैल विकत घेतला. वर्षभर यांनी आपल्याला सांभाळलं, आता फेडू म्हणाला. तर जो येईल तो नाक मुरडतो. हा बैल? हा तर हाडांचा सापळा! यात चरबी कुठे? याच्यावरून तळावर मारामाऱ्या होतील. बाप्या आला तरी तेच, बाई आली तरी तेच. लीची झोप उडाली. सणाच्या दिवशी बैल कापला तर बोट बोट जाड चरबी निघाली आणि सगळे पोट धरून हसत सुटले. नंतर एका जाणत्यानं त्याला समजावलं. पोरगा मोठी शिकार करून आला की त्याला वाटायला लागतं, मी मोठा, बाकी सगळे माझे नोकर. ते आम्हाला चालत नाही. गर्वानं उद्या तो कोणाचा तरी जीव घेईल. म्हणून त्याचं मांस कवडीमोल म्हणायचं. काळीज थंड होतं. लीनं हे १९६९ साली लिहिलं, स्वतःची फजिती म्हणून.

(आपल्या पुढाऱ्यांवर हा प्रयोग करून बघायला पाहिजे. हार घालायच्या आधी.)

टांझानियात हादझा नावाचे असेच लोक आहेत. त्यांच्यात राहून जेम्स वुडबर्न या अभ्यासकानं एक भेद सांगितला. काही समाज आज मिळवतात, आज-उद्या खातात. साठा नाही. काही समाज आज राबतात आणि फळ महिन्यांनी येतं. पेरणी, मग राखण, मग कापणी, मग कणगी. जिथे कणगी आली तिथे कुलूप आलं. कुलूप आलं तिथे किल्लीवाला आला. आणि किल्लीवाल्याला रात्री झोप लागावी म्हणून दुसऱ्या कोणीतरी जागायचं आलं.

बाबासाहेबांचं १९४८ सालचं अस्पृश्यांवरचं पुस्तक आठवा. कोण होते अस्पृश्य? त्यांनी मांडलं, की भटक्या टोळ्यांतल्या काही टोळ्या शेती धरून स्थिर झाल्या, काही भटकत राहिल्या. लढायांत फुटलेले, आपल्या टोळीपासून तुटलेले लोक या स्थिर गावांच्या कडेला येऊन राहिले. बदल्यात काय? गावाची राखण. विद्वानांनी या सिद्धान्तावर वाद घातले, घालू द्यात. मला त्यात गावाचा नकाशा दिसतो. मधे कणगी, कडेला जागणारा.

माझा आजा वेसकर होता. वेशीवर रात्रभर राखण. पाटलाचं बोलावणं आलं की दिवसासुद्धा पळायचं. टपाल पोचवायचं, सरकारी माणसाचं ओझं न्यायचं, मेलेलं ढोर ओढायचं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, तेव्हा त्यांनी हेच मांडलं होतं. या चाकरीला तास ठरलेले नाहीत, रात्र-दिवस नाही, आणि वतनदार हजर नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणालाही धरून नेतात. पगार म्हणाल तर बलुतं आणि इनामाचा तुकडा. ती वतनं जायला १९५८ चा कायदा उजाडावा लागला.

आणि आता बघा. हादझांच्या झोपेचा एक अभ्यास २०१७ साली छापला गेला. ३३ मोठी माणसं, २० दिवस, प्रत्येकाच्या मनगटाला घड्याळासारखं यंत्र. सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेत, असा वेळ २० दिवसांत मिळून किती भरला? १८ मिनिटं! कोणी ना कोणी जागा असायचाच. कोणाला नेमलेलं नाही, पाळी लावलेली नाही. म्हाताऱ्याला पहाटे जाग येते, तरुण उशिरापर्यंत शेकोटीशी बसतो, कोणी मधेच उठून विडी ओढतो. तळाची राखण आपोआप होते. ती कोणा एका जातीच्या गळ्यात बांधलेली नाही. माझा आजा त्या तळावर असता तर त्याला रात्रीची झोप मिळाली असती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

रात्रीवरून आठवलं. पॉली विस्नर या बाईंनी जुहोआन्सींचं दिवसाचं बोलणं आणि रात्रीचं बोलणं वेगवेगळं मोजलं. दिवसा कामाच्या गोष्टी आणि एकमेकांच्या तक्रारी, अगदी आपल्या चाळीतल्यासारख्या. रात्री शेकोटीभोवती शंभरातली ८१ बोलणी गोष्टींची. पोरांना कायदा, नाती, लांबच्या माणसांची माहिती तिथे मिळते. ती त्यांची शाळा. आमच्या घरी रात्री बाप गोदामातून यायचा तेव्हा त्याला जेवताजेवताच डुलकी लागायची. त्याला गोष्टी येत नव्हत्या असं नाही. तो सुट्टी घेऊन गावी गेला की बोलायचा. दिवसभर राबवून घेऊन रात्री मुकं केलेल्या माणसाला मग म्हणायचं, यांना संस्कृती नाही.

आता जंगलात परत जायचा प्रश्न. याचं उत्तर बाबासाहेबांनी १९४५ साली देऊन ठेवलंय, काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात. गांधींना यंत्र नको होतं, हातकाम, चरखा, साधं जिणं पाहिजे होतं. बाबासाहेबांनी विचारलं, की माणूस आणि जनावर यांत फरक कशाचा? माणसाला मन वाढवता येतं. मन वाढवायला फुरसत लागते. कष्ट कमी झाल्याशिवाय फुरसत नाही, आणि यंत्राशिवाय कष्ट कमी होत नाहीत. म्हणून लोकशाही मानणाऱ्या समाजाला यंत्र पाहिजे, आणखी यंत्र पाहिजे. साधेपणाचा उपदेश मूठभर लोकांच्या फुरसतीसाठी बाकीच्यांना बैल बनवतो. मला हे पटतं. कलहारीतल्या हिशेबानं ते खोडलं जात नाही. बाबासाहेब मागत होते ती फुरसत माणसाला एके काळी होती, एवढं कळतं. ती कोणी देणगी म्हणून मागायची नाही.

आणि त्यांनी नुसतं पुस्तकात लिहिलं नाही. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यांच्या कायद्याची दुरुस्ती त्यांनी आणली. आठवड्याचे ५४ तास होते, त्याचे ४८ झाले. सहा तास. माझ्या बापाचा रविवार त्यातून आला, असं मी मानतो. आज काय चाललंय? २०२३ साली एक बडा उद्योगपती म्हणाला, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. २०२५ साली दुसरा म्हणाला, ९० करा. त्याच सालच्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला रोजचा दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेता येईल असा बदल मंजूर केला. जादा वेळेचे पैसे मिळतील म्हणतात. कंत्राटावरच्या पोरानं ते कोणाकडे मागायचे, हे लिहिलेलं नाही.

शेवटी त्या लोकांचं काय झालं ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल ते अजून झाडाखाली आरामात बसलेत. तसं बसूच दिलं नाही कोणी. त्स्वाना सरदारांनी पुष्कळांना कधीच पिढीजात चाकर करून टाकलं होतं. 'मालाता' म्हणत त्यांना. गुरं राखायची, मजुरी नाही, बापानंतर पोरगा त्याच धन्याकडे. ओळखीचं वाटतं ना? एडविन विल्मसेन या अभ्यासकानं १९८९ साली पुस्तक लिहून ली मंडळींना झोडलं. म्हणाला, तुम्ही यांना अश्मयुगातले नमुने समजता, पण हे तर लुटलेले, तळाशी दाबलेले लोक आहेत, यांची गुरं-संपत्ती गेल्यामुळे ते वेचून खातात. मोठी भांडणं झाली, वर्षानुवर्षं. मला विचाराल तर विल्मसेनचा राग खरा आहे आणि लीची वहीसुद्धा खरी आहे. दाबलेल्या माणसाला जगायचं शहाणपण नसतं, असं थोडंच आहे?

१९७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या फौजेनं त्यांना वाटाडे म्हणून भरती केलं, नामिबियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांचा माग काढायला. पगार होता, म्हणून गेले. माग काढणारा पाहिजे, पण त्याची जमीन नको. बोटस्वानात मध्य कलहारीचं राखीव रान १९६१ साली केलं. १९९७ आणि २००२ साली तिथल्या बसार्वांना ट्रकांत घालून बाहेरच्या वसाहतींत नेऊन टाकलं, पाण्याची बोअर बंद केली. कारण काय दिलं? त्यांचा विकास करायचाय. मग ते कोर्टात गेले. रॉय सेसाना हा त्यांचा पुढारी. २००६ च्या डिसेंबरात हायकोर्टानं सांगितलं, यांना काढलं ते बेकायदा. तरी पाणी द्यायला सरकार तयार नव्हतं. २०११ साली पुन्हा वरच्या कोर्टानं बोअर वापरायचा हक्क दिला. आणि सरकारी वसाहतींत ही माणसं दारू पिऊन पडलेली दिसतात, तेव्हा येणारा-जाणारा म्हणतो, आळशी आहेत, काम नको यांना.

आपल्याकडे लांब जायला नको. रायगड-ठाण्यातला कातकरी खैराचा कात काढायचा, रानात शिकार करायचा. रान सरकारजमा झालं. आज तो उचल घेऊन वीटभट्टीवर राबतो, बायको-पोरांसकट. पारध्याच्या फाशाला इंग्रजानं १८७१ च्या कायद्यापासून गुन्हा ठरवत आणलं. कायदा १९५२ साली गेला, पोलिसाची नजर गेली नाही. या दोघांनाही आमच्या मास्तरनं कामचुकारच म्हटलं असतं.

माझा बाप जाऊन अकरा वर्षं झाली. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं जगला. त्या दोन वर्षांत तो रोज दुपारी दाराशी पाय बाहेर टाकून झोपायचा, आणि मी कामावरून लवकर आलो तर उंबऱ्यावर बसून राहायचो, त्याला ओलांडायचो नाही.

माझं संपलं. प्रश्न घेऊ. तो खांबापाशी उभा असलेला पोरगा मघापासून चार वेळा मोबाईल बघून झालाय, त्याची पाळी नऊला सुरू होते. त्याचा आधी घ्या.